घाटावरची उसनी थंडी

कळव्यात ऐन जानेवारीतही पंखा बंद करवत नाही. खाडीची दमट हवा दिवसाची ऊब रात्रभर सोडत नाही. वाइनच्या द्राक्षांना याच्या नेमकं उलट लागतं: दिवसा ऊन, रात्री गारठा. म्हणून नाशिक.

धिम्या लोकलने कल्याण गाठलं. ठाणे-कल्याण रेल्वे १८५४ची. कल्याण बंदर मात्र फार जुनं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याचं नाव आहे, आणि भडोचला इटालियन वाइन उतरत असल्याची नोंदही. म्हणजे या किनाऱ्याला वाइन नवखी नाही, वेली नवख्या.

तिथून नाशिकची गाडी; कसाऱ्याला तिला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागली. १८६५ साली खुल्या झालेल्या या थळ घाटात सदतीस फुटांमागे एक फूट चढ आहे. पावसाचे ढग इथेच रिते होतात: इगतपुरीत तीन हजार मिलिमीटरच्या वर, नाशिकला जेमतेम सातशे. घोटी मागे पडली तशी हवा कोरडी झाली.

गंगापूर धरणाजवळ राजीव सामंतांनी १९९७ साली ‘सुला’च्या वेली लावल्या. त्याच परिसरातल्या एका बागेत पहाटेपासून तोडणी चालली होती. घड गार असतानाच वायनरीत पोचायला हवेत. मणी वाटाण्याएवढे, साल जाड, आत बिया. आधी गोड, मग आंबट.

“बावीस-तेवीस शुगर आली की तोडायचं,” बागवाले काका म्हणाले.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपते. वीस अक्षांशावरच्या नाशकात तिला झोपच नाही. म्हणून विश्रांतीही कात्रीनेच द्यायची. एप्रिलमध्ये काडीसाठी खरड छाटणी, पावसाळा सरताना फळासाठी गोडी छाटणी. पावसाळ्यात फळ धरलं तर केवडा आणि कूज बाग खाऊन टाकतील. म्हणून युरोपातल्या वेलीचा उन्हाळा इथे हिवाळ्यात उरकून घेतात.

नाशिकला ‘थंड हवामानाचा प्रदेश’ म्हणणं मात्र जाहिरातीतच शोभतं. फेब्रुवारीत दुपारचा पारा तिशी ओलांडतो. आंबटपणा टिकतो तो सुमारे सहाशे मीटर उंचीवरच्या रात्रींमुळे. त्याही अति गार झाल्या तर पंचाईत: निफाडकडे पारा चार-पाच अंशांवर उतरला, की मणी तडकू नयेत म्हणून बागांत रात्रभर शेकोट्या पेटतात.

“थंडीला शेकोटी आहे हो,” काका क्रेट उचलत म्हणाले, “अवकाळीला काय पेटवणार?”