पहिल्या पानावर येण्याचे दिवस

याहूची वेबसाइटांची डिरेक्टरी होती, तेव्हा वर दिसायचा सगळ्यात सोपा उपाय बारशालाच होऊन जायचा. यादी इंग्रजी अक्षरक्रमाने लागायची, म्हणून ए-वन, ट्रिपल-ए असली नावं ठेवायची. टेलिफोन डिरेक्टरीतला जुनाच डाव. नोंद माणसं तपासायची. पुढे व्यापारी साइटला त्या तपासणीचे २९९ डॉलर पडू लागले, आणि एवढं भरूनही नोंद मिळेलच असं नाही!

अल्टाव्हिस्टा या सर्च इंजिनाला शब्द मोजायची सवय. मग पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘अलिबाग हॉटेल, अलिबाग रूम, अलिबाग बीच’ असा जप लिहायचा. शेजारच्या हॉटेलची साइट आपल्या वर गेली, की तिथे कंट्रोल-ए दाबायचं. ती सगळी लपलेली भुतावळ निळ्या पट्ट्यात उभी राहायची. पानाचा सोर्स उघडला की सर्च इंजिनासाठी लिहिलेली मेटा कीवर्डची यादीही हाती. ती आपण मोजतच नाही, हे गूगलने २००९ मध्ये जाहीर केलं, तरी पुढेही कित्येक जण ती इमानाने भरत राहिले.

मराठी साइटचं दुखणं आणखी वेगळं. युनिकोड रुळायच्या आधी मजकूर शिवाजी, कृतीदेव अशा फॉन्टांत असायचा. वाचकाच्या संगणकात तो फॉन्ट असला तर त्याला पुरणपोळी दिसायची, नसला तर रोमन अक्षरांची भेळ. सर्च इंजिनाला कायम भेळच दिसायची. त्यामुळे मराठी पान सापडावं म्हणून ते इंग्रजीच्या मागच्या दाराने आत घालावं लागे: पुरणपोळी एकदा ‘यू’ने, एकदा ‘डबल ओ’ने, शेवटी कधी ‘आय’, कधी ‘डबल ई’. गणपती, लावणी, पोवाडा, सगळ्यांची हीच तऱ्हा. लोक कसं चुकीचं लिहितील याचा अंदाज बांधणं हेच निम्मं काम होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात गंमत होती. आज सरळ देवनागरीत लिहिलं की सापडतं. आजी फोनला मराठीत विचारते आणि फोनला कळतं. ते दिवस परत यावेत असं इथे तरी मला मुळीच वाटत नाही.

गूगल १९९८ मध्ये आलं ते दुसऱ्या साइटच्या लिंकला मत समजून. लगेच मतांचा बाजार भरला: तुम्ही आमची लिंक लावा, आम्ही तुमची लावतो. गूगलच्या टूलबारमधली, साइटचं वजन दाखवणारी पेजरँकची हिरवी पट्टी एक घर सरकली की पेढे वाटायचे तेवढे बाकी. २००६ मध्ये सर्च इंजिनाला एक पान आणि वाचकाला दुसरंच दाखवण्याच्या लबाडीपायी बीएमडब्ल्यूची जर्मन साइट गूगलने काढून टाकली, तेव्हा लहान माणसांना उगीच बरं वाटलं होतं. मग गूगलने क्रम लावायची पद्धतच बदलली: २०११ मध्ये पांडा नावाचा बदल आला, २०१२ मध्ये पेंग्विन. भरताड पानं आणि विकतच्या लिंका दोन्ही झोपल्या.

वाचकाच्या दृष्टीने बरंच झालं. पण पूर्वी वरच्याने काय केलंय ते उघडून वाचता यायचं. आता क्रमांक घसरला की नेमकं का, ते बाहेरच्या कुणालाच धड सांगता येत नाही. त्यात २०२४ पासून यंत्र स्वतःच उत्तर लिहून सगळ्यांच्या वर बसतं, म्हणजे पहिला नंबर मिळूनही पाहुणा दारात येईलच असं नाही. कोकणातल्या होम-स्टेवाल्याला तर साइटचीच गरज उरलेली नाही. त्याचं सगळं गणित नकाशावरच्या ताऱ्यांत. म्हणून आमरसाची दुसरी वाटी वाढता वाढता तो हळूच म्हणतो, “दादा, रिव्ह्यू तेवढा टाका. आणि सोलकढीचा फोटो विसरू नका.”