ओहोटी आणि आटणे

समुद्राचे पाणी मागे सरते तेव्हा मराठी भाषा त्याला ओहोटी म्हणते आणि तलावाचे पाणी नाहीसे होते तेव्हा ते आटले असे म्हणते. पहिल्या शब्दात परतीचे वचन आहे, दुसऱ्यात ते नाही. छायाचित्राला हा भेद सहजासहजी कळत नाही, कारण उघडा पडलेला तळ दोन्हीकडे उघडाच दिसतो.

कोकणातल्या खाडीत ओहोटीच्या वेळी कुशीवर कललेल्या होड्यांकडे छायाचित्रकार ओढले जातात, त्यामागे पंचांगाचाही हात आहे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास चंद्र-सूर्यांची ओढ एका रेषेत येऊन भरती मोठी व ओहोटी खोल होते, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास ही ओढ विभागली जाऊन पाण्याची चढउतार लहान राहते, तो भांग. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे येते, त्यामुळे सर्वांत खोल ओहोटी नेमकी सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उजेडात सापडते. एरवी पाण्याखाली असणारे बूड, त्यावरचे शेवाळ, ओल्या चिखलातले आकाश आणि नांगराचा सैल पडलेला दोर त्या उजेडात एकाच वेळी उमटतात.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या जयपूरमध्ये ओहोटी नाही, पण छायाचित्रणाची परंपरा जुनी आहे. 1880 मध्ये निवर्तलेले महाराजा सवाई रामसिंह दुसरे स्वतः निष्णात छायाचित्रकार होते. त्यांच्या काळच्या ओल्या कोलोडियन पद्धतीत काचेवर चिकट रासायनिक थर पसरून, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून, ओली असेपर्यंतच चित्र घ्यावे आणि धुवावे लागे. प्रकाश आत घेण्यास काही सेकंद लागत, म्हणून हलते पाणी धुक्यासारखे पसरे आणि डोलणारी नाव पुसट होई. त्या काचेला स्थिर वस्तूच मानवे. चिखलात टेकलेली होडी अशा पद्धतीला जणू स्वतःहून बसून देते.

जयपूरची भरती-ओहोटी तासांची नसून ऋतूंची आहे. मानसागरातील जलमहालाचे, तलाव भरला की, पाचांपैकी चार मजले पाण्यात जातात. पावसाळा ही तिथली भरती आणि उन्हाळा ही ओहोटी. परंतु शहराच्या ईशान्येला बाणगंगा नदीवर बांधलेल्या रामगढ बंधाऱ्याच्या बाबतीत हे चक्र तुटले. या जलाशयाने जयपूरला अनेक दशके पिण्याचे पाणी दिले आणि 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील वल्हवण्याच्या शर्यती याच पाण्यावर झाल्या; आज ज्या तळावरून गुरे चालत जातात, त्याच्या वरून तेव्हा आशियातल्या देशांच्या नावा वेगाने गेल्या होत्या. पुढे पाणलोटात, म्हणजे ज्या प्रदेशावर पडलेला पाऊस वाहत तलावाला मिळतो त्या प्रदेशात, अतिक्रमणे झाली, प्रवाहांच्या वाटेत लहान-मोठे बांध घातले गेले, आणि 2011 मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाला स्वतःहून या प्रश्नाची दखल घ्यावी लागली.

अशा तळाचे चित्र काढणे सोपे आहे, कारण भेगाळलेली माती नेहमीच देखणी दिसते, आणि तेच त्या देखणेपणाचे दुःख आहे. तारीख, वेळ आणि शक्य तर तिथीही न लिहिलेले चित्र ओहोटीला दुष्काळ आणि दुष्काळाला ओहोटी म्हणून खपवते. तरीही फरकाची एक खूण चित्रातच असते: खाडीतल्या नांगराचा दोर सैल आणि लांब असतो, कारण येणाऱ्या भरतीत होडी जितकी वर उचलली जाईल तितका तो सोडून ठेवलेला असतो. चिखलात पडलेली ती जादा लांबी म्हणजे परतणाऱ्या पाण्यावरचा विश्वास, आणि तो डोळ्यांना दिसतो. तलावाच्या बाबतीत हा दोर म्हणजे त्याला पाणी आणून देणारे ओढे-नाले. म्हणून रामगढला जाणाऱ्या छायाचित्रकाराने कोरड्या तळाशीच थांबू नये. वर, जिथे ते ओढे अडले आहेत तिथे, कॅमेरा न्यावा, कारण दोर कापला गेला आहे तो तिथे.