सोनूचं गाणं आणि स्टँडपुढचा खड्डा

आमच्या वॉर्डातल्या पोरांनी नळाला येणाऱ्या गढूळ पाण्यावर गाणं केलंय. काल घरी आली, "दादा, तुमच्या वॉलवर टाका." गाणं झकास आहे. रात्री माझ्याही तोंडात तेच. तरी अजून टाकलेलं नाही.

२०१७ चा जुलै आठवतोय? भरवशाचा प्रश्न विचारणारं ते सोनूचं गाणं. वरातीत तेच, शाळेच्या रिक्षात तेच. एक ओळ ठरलेली, पुढं आपलं काहीही घाला, यमक जुळलं की झालं. मुंबईत आरजे मलिष्कानं त्यात खड्डे घातले आणि महापालिकेला मिरच्या झोंबल्या. शिवसेनेच्या नगरसेवकांनी ५०० कोटींच्या अब्रुनुकसानीची भाषा केली. पालिकेचं पथक तिच्या घरी जाऊन डेंग्यूच्या डासांच्या अळ्या शोधून आलं, नोटीसही निघाली. खड्ड्यांच्या बातम्या तर दर पावसाळ्यात छापून येतात. त्यासाठी कुणाच्या घरच्या कुंड्या तपासल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

आमच्याकडंही तेच झालं. स्टँडपुढच्या खड्ड्यावर मी तीन बातम्या दिल्या होत्या, ढिम्म. कॉलेजच्या पोरांनी त्यावर 'सोनू' केलं आणि तिसऱ्या दिवशी मुरूम पडला! खरं सांगतो, जळफळाट झाला माझा. पण पहिल्याच मोठ्या सरीत मुरूम वाहून गेला. तोवर लोकांचं हसून झालं होतं, पोरं गणपतीच्या तयारीला लागली होती. व्हिडिओ आला की खड्डा बुजला, असंच सगळे धरून चालले.

त्याच खड्ड्यात आमच्या शेजारच्या काकू स्कूटीवरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ते गाणं मला सगळ्यात आधी त्यांनीच पाठवलं होतं, हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चार इमोजींसकट. मी डेस्कला फोन केला तर उपसंपादक म्हणाला, "खड्ड्याचं आता जुनं झालं रे. गाण्याचा व्हिडिओ आहे ना, तो दे." बातमी सिंगल कॉलम लागली. दवाखान्यात गेलो तर काकू म्हणतात, "मेल्या, आता गाण्यात माझं नाव घालू नका म्हणावं."

तर पोरांनो, गाणं आज टाकतो. पण पाण्याचा अर्ज घेऊन सोमवारी अकराला मुख्याधिकाऱ्यांकडं जायचंय. किती जण येताय, ते खाली कमेंटमध्ये नावानिशी लिहा. बाटलीत नळाचं पाणी भरून आणा.