पैसे मोजले म्हणून

शाळेच्या वार्तापत्रात विद्यार्थ्यांबरोबर पालकांनीही चार ओळी लिहाव्यात, असे पालकसभेत ठरले तेव्हा आम्ही मागच्या बाकावर होतो. आमची पाळी येईल असे वाटले नव्हते. पण मुलगी घरी येऊन म्हणाली, "आई-बाबा, तुम्ही दुकानातली ती गोष्ट लिहा." कोणती गोष्ट, हे विचारावे लागले नाही. ती सांगायला आम्हाला थोडी लाजच वाटते. तरी लिहितो.

जामसांवलीच्या मंदिराच्या वाटेवर आमचे नाश्त्याचे छोटेसे दुकान आहे. आलुबोंडा-रस्सा, पोहे-तर्री आणि चहा, एवढाच पसारा. आम्ही दोघे नवरा-बायको मिळून ते चालवतो. आपल्या वाचकांना जामसांवली नव्याने सांगायला नको. पिंपळाखाली निजलेल्या रूपातला मारुती दुसरीकडे सहसा पाहायला मिळत नाही. मंगळवारी आणि शनिवारी नागपूर, छिंदवाडा, पांढुर्णा, सगळीकडून गाड्या येतात. २०२३ साली हनुमान लोकाचे भूमिपूजन झाले, तेव्हापासून नवी माणसेही येऊ लागली आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आपला भाग मध्य प्रदेशात राहिला, त्यामुळे आमच्या बाकड्यावर एका टोकाला मराठी आणि दुसऱ्या टोकाला हिंदी चालते. श्रावणही आम्हाला दोनदा लागतो. उत्तरेकडच्या लोकांचा सावन पंधरा दिवस आधी, आणि तो संपेपर्यंत आपला अर्धा झालेला असतो.

येणारे सगळेच हौसेने येतात असे नाही. घरातल्या आजारी माणसाला घेऊन कित्येक कुटुंबे इथे दिवसेंदिवस राहतात. अशी माणसे आमच्याकडे चहाला बसली की बोलत नाहीत. ग्लास दोन्ही हातांत धरून नुसती बसून राहतात. त्यांना दहा मिनिटे निवांत बसू देणे, हेही आमच्या धंद्याचे काम आहे असे आम्ही मानतो. निदान मानत होतो असे म्हणू, कारण एका शनिवारी आम्ही ते विसरलो.

२०२४ च्या श्रावणातला तो शेवटचा शनिवार. पोळा दोन दिवसांवर होता. दुपारी दोन गाड्यांतून नऊ तरुण आले. कुठले होते ते महत्त्वाचे नाही. ते कुठलेही असू शकतात. कोपऱ्यात एक म्हातारी आपल्या आजारी मुलाला पोहे भरवीत होती. हे तिच्या शेजारी धाडधाड बसले, पाय समोरच्या बाकड्यावर टाकले आणि मोबाइलवर मोठ्याने गाणी लावली. म्हातारी अर्धी बशी ठेवून मुलाला घेऊन उठली. कोणाच्या लक्षातही आले नाही.

तेव्हा आमच्याकडे जवळच्या खेड्यातला एक मुलगा कामाला होता. बारावी झालेला, एकोणीस वर्षांचा, हाताने चपळ आणि बोलायला गोड. त्याला "ए छोटू, ए छोटू" सुरू झाले. अठरा प्लेटा मागवल्या, अर्ध्या उष्ट्या टाकल्या. पाण्याच्या ग्लासात नाणे टाकून "काढ बरं" म्हणाले. शेवटी एकाने रस्सा थंड आहे अशी ओरड केली. मुलगा म्हणाला, "थंडा नाही भाऊ, आत्ताच उतरवला." त्यावर त्या गृहस्थाने वाटी उचलली, टेबलावर उपडी केली आणि म्हणाला, "पैसे मोजतो आम्ही. पूस."

आम्ही दोघेही तिथेच होतो. एक कढईपाशी, एक गल्ल्यावर. आम्ही काय केले? हात जोडून त्या मंडळींची माफी मागितली आणि मुलाकडे वळून म्हणालो, "पूस बाबा."

बिल झाले ६३० रुपये. त्यांनी ६०० दिले आणि हसत निघून गेले. मुलाने टेबल पुसले, संध्याकाळपर्यंत काम केले, भांडी घासली, दिवसाची मजुरी घेतली. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. पोळ्यालाही आला नाही. आम्ही एकमेकांना म्हणालो, आजकालच्या पोरांना काम नको असते.

आमच्या दुकानात गल्ल्याच्या वर एक पाटी होती. ग्राहक हा दुकानातला सर्वांत मोठा पाहुणा, आपण त्याच्यावर उपकार करीत नाही, तोच आपल्यावर करतो, अशा अर्थाचा मजकूर, खाली महात्मा गांधींचे नाव आणि दक्षिण आफ्रिकेतले १८९० सालचे भाषण असा उल्लेख. अशा पाट्या तुम्ही बँकेत, दुकानात पाहिल्या असतील. त्या रात्री मुलगी पाटीखाली बसून वाचत होती. ती नववीत होती. म्हणाली, "बाबा, गांधीजी दक्षिण आफ्रिकेत गेले १८९३ ला. १८९० ला ते लंडनमध्ये वकिली शिकत होते. मग हे भाषण कधी केलं?" आम्हाला उत्तर आले नाही. मग हळूच म्हणाली, "आणि पाहुण्यानं आपल्या घरी येऊन दादाच्या अंगावर रस्सा सांडला असता, तर तुम्ही दादाला पूस म्हटलं असतं का?"

त्यावर आम्ही तिला झोपायला सांगितले.

खरी गोष्ट यानंतरची आहे. दिवाळीच्या सुट्टीत भावाच्या कुटुंबाबरोबर नागपूरला गेलो होतो. मुलांनी हट्ट धरला म्हणून एका मॉलमधल्या बोलिंगच्या खेळाला गेलो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लाकडी गुळगुळीत पट्टी असते, तिला लेन म्हणतात. आपण जिथून चेंडू सोडतो तिथे एक रेष असते, आणि त्या रेषेपासून ६० फुटांवर दहा बाटल्यांसारख्या पिना त्रिकोणात उभ्या असतात. जड चेंडू घरंगळत सोडून त्या पाडायच्या. प्रत्येक पाळीत दोन चेंडू. पाडलेल्या पिना यंत्र झाडून नेते आणि नव्या मांडते. पायांत तिथलेच गुळगुळीत तळाचे बूट घालावे लागतात. रेषेपुढच्या लेनवर तेलाचा पातळ थर दिलेला असतो, म्हणून रेष ओलांडायची नाही. यंत्राचा झाडणारा दांडा खाली असताना चेंडू सोडायचा नाही. एवढेच नियम.

आमच्या मंडळींनी अर्ध्या तासात ते सगळे मोडले. चार मुले एकाच वेळी धावत होती. धाकटा पुतण्या मोजे घालून रेषेच्या पुढे गेला. भाऊ मोबाइलवर चित्रीकरण करीत मोठमोठ्याने ओरडत होता. शेजारच्या लेनवर एक कुटुंब मुलाचा वाढदिवस करायला आले होते. त्यांची पाळी असताना आमची पोरे मधे मधे येत होती. आम्ही दोघे खुर्चीत बसून हसत होतो. कधी नव्हे ते आम्हाला कोणी तरी वाढणारे, आणि आम्ही बसून खाणारे!

तिथला एक मुलगा दोनदा येऊन सांगून गेला. तिसऱ्यांदा दांडा खाली असताना आमच्या पोरांनी चेंडू सोडला. दांड्यावर धाडकन आवाज झाला. तो मुलगा आला तेव्हा आमच्यापैकी एकाच्या तोंडून निघाले, "अरे, लहान पोरं आहेत. आणि आम्ही पैसे मोजले आहेत ना?"

वाक्य तोंडातून गेले आणि ओळखीचे वाटले. कुठे ऐकले होते, ते आठवायला वेळ लागला नाही.

तो मुलगा चिडला नाही. लेन थांबवली आणि आमच्यासमोर वाकून हळू आवाजात म्हणाला, "काका, लेन पाच मिनिटं बंद ठेवतो. तिथं तेल असतं, लेकरू पडलं तर डोक्याला लागेल. सगळे बसले, एकेकानं खेळले, की लगेच सुरू करतो." भावाला राग आला. तो काउंटरवर तक्रार करायला गेला. तिथल्या व्यवस्थापकाने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "तो बरोबर बोलला. तुम्हाला थांबायचं नसेल तर उरलेले पैसे परत देतो. पण नियम हाच राहील." आवाज चढवला नाही, माफीही मागितली नाही. मुलगा बाजूला उभा होता. त्याची मान खाली नव्हती.

पाच मिनिटांनी मुले शहाण्यासारखी खेळली. खरे सांगायचे तर त्यांना तेव्हाच खेळाची गोडी लागली.

परतीच्या वाटेवर आम्ही दोघे काही बोललो नाही. सौसर आल्यावर एकदम ठरवले आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या गावी गेलो. त्याच्या आईने चहा ठेवला. मुलाने आम्हाला खाटेवर बसवले. आम्ही म्हणालो, "त्या दिवशी त्या लोकांनी वाईट केलं." तो म्हणाला, "काकू, त्यांचं मला काही वाटलं नाही. असे लोक येतच राहतात. पण तुम्ही त्यांची माफी मागितली आणि मला पूस म्हटलं. ते लागलं."

त्याच्या आईसमोर आम्ही त्याची माफी मागितली. कामावर परत ये म्हणालो, पण त्याला बोरगावच्या एका कारखान्यात काम मिळाले होते. ते बरेच झाले. आमची चूक पुसायला त्याने परत यावे, हे मागणे योग्यही नव्हते.

त्यानंतर दुकानात काही गोष्टी बदलल्या. पाटी काढली. दंगा सुरू झाला की कामावरच्या माणसाला पुढे धाडायचे नाही. आमच्यापैकी एकाने स्वतः जायचे. दुरून ओरडायचे नाही. जवळ जाऊन, शक्य तर बसून, हळू बोलायचे. घोळक्यात एक तरी शांत माणूस असतो, त्याच्याशी बोलायचे. त्याच्या मित्रांसमोर कोणाचा अपमान करायचा नाही, कारण अपमान झाला की माणूस चूक सोडून हट्टाला पेटतो. मागचे उकरायचे नाही, पुढे काय ते सांगायचे: "गाणं बंद करून बसा, गरम देतो. नसेल जमत तर पैसे परत घ्या." गर्दीच्या दिवशी पैसे आधी घ्यायचे. आणि कोणी प्यालेला असेल तर शूरपणा न करता बंदोबस्तावरच्या पोलिसाला बोलवायचे.

२०२५ ची हनुमान जयंती नेमकी शनिवारी, १२ एप्रिलला आली. त्या दिवशीच्या गर्दीत असाच एक घोळका आला. नव्या मुलाला "ए" म्हणून त्याच्याकडे चमचा फेकला. आमच्यापैकी एकजण जाऊन बाकड्यावर बसला आणि म्हणाला, "याचं नाव विचारा, तो सांगेल. पलीकडे आजारी माणूस बसला आहे, आवाज जरा कमी करा. नाही तर हे तुमचे १८० रुपये, मारुतीचं दर्शन घेऊन या, मग खा." दोघे कुरकुरले. एकाने चमचा उचलला. सगळे खाऊन गेले. नेहमीच असे होते असे नाही. या वर्षात दोनदा पैसे परत करावे लागले आणि एकदा शिव्याही खाल्ल्या. पण कामावरचा मुलगा टिकून आहे.

ग्राहकाचे हक्क आम्ही नाकारीत नाही. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, २०१९ साली त्याच्या जागी नवा आला, आणि २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. रस्सा खरोखर थंड असता, तर तो बदलून मागण्याचा त्या तरुणांना पूर्ण हक्क होता. पैसे रस्स्याचे होते. तो वाढणाऱ्या माणसाचे नव्हते. हा प्रश्न साऱ्या जगाला पडला आहे. जपानमध्ये टोकियो शहराने ग्राहकांकडून होणाऱ्या छळाविरुद्ध नियमच केला, तो १ एप्रिल २०२५ पासून लागू आहे. त्यात शिक्षा नाही. असे वागू नये एवढेच सांगितले आहे. शिस्तीसाठी नावाजलेल्या देशालाही ते लिहून ठेवावे लागले.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातले काहीजण उद्या गल्ल्यावर बसतील, काहीजण बशी उचलतील, आणि सगळेच कधी ना कधी बाकड्यावर बसून खातील. सहलीला गेलात की बसच्या चालकाला, वाढणाऱ्या ताईला, बूट देणाऱ्या दादाला कसे बोलता, ते एकदा स्वतःच ऐकून पाहा. आम्ही ते पन्नाशीजवळ आल्यावर ऐकले.

तो मुलगा आता सुट्टीच्या शनिवारी दर्शनाला येतो. आमच्याकडे चहा घेतो. आम्ही पैसे नको म्हणतो, तो दहा रुपये ठेवतोच. मग स्वतःचा ग्लास स्वतः उचलून टोपलीत ठेवतो, आणि नव्या मुलाला नावाने हाक मारून निरोप घेतो.