दुकानाची पाटी आणि आपली लिपी

माणसाची ओळख नावाने होते आणि दुकानाची पाटीने, हा व्यवहार सर्व देशांत सारखाच आहे. परंतु पाटीवर दुकानदाराइतकाच शहराचाही हक्क असतो, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पाटी रस्त्याकडे तोंड करून असते आणि रस्ता सर्वांचा असतो. म्हणूनच इस्राएलमधील नगरपालिका आपापल्या उपविधींनुसार पाटीसाठी परवाना मागतात. अर्जासोबत पाटीचे माप, तिचे चित्र व लावण्याची जागा दाखवावी लागते आणि पाटीच्या क्षेत्रफळाप्रमाणे वार्षिक शुल्क आकारले जाते. १९६८ च्या कायद्यानुसार काही धंद्यांना जो परवाना लागतो, तो निराळा. दुकान मेरकाज मिस्खारीत, म्हणजे व्यापारी संकुलात असेल, तर तेथील व्यवस्थापनाची संमतीही लागते. सर्व पाट्या एका उंचीच्या व एका रेषेत असाव्यात, अशी अट पुष्कळदा भाडेकरारातच असते.

आमच्या शहरातील एका बेने इस्राएल गृहस्थांनी अशा संकुलात दुकान घेतले. पोहे, नारळ, कोकम आणि मसाले ही त्यांची विक्री. त्यांनी दुकानावर मोठ्या हिब्रू अक्षरांत नाव लावले व खाली मराठीत मालाची एक ओळ लिहविली. महिन्याभरात दोन पत्रे आली. पाटीला परवाना नाही, असे नगरपालिकेचे म्हणणे. आणि खालच्या ओळीमुळे संकुलाची शोभा बिघडते, असे व्यवस्थापनाचे. ते आमच्याकडे आले व म्हणाले, “बाई, ती ओळ पुसूनच टाकतो. आता वाचतो कोण?” पहिल्या दोन पत्रांपेक्षा हा प्रश्न आम्हांला अधिक लागला.

काही स्नेह्यांनी सुचविले, की शुल्क भरू नये, पाटी तशीच राहू द्यावी, कोणी पाहत नाही. हा सल्ला आम्हांला मान्य नव्हता. बिनपरवाना पाटी लावणारा दुकानदार रोज निरीक्षकाच्या वाटेकडे डोळे लावून बसतो. अशा भीतीत आपली लिपी कशासाठी ठेवावी? पण ओळ पुसणेही आम्हांला पटेना. हिब्रूत ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही. तेथे नारळाचा ‘नाराल’ होतो. शिवाय १९९० नंतर आलेल्या लोकांच्या रशियन पाट्या या देशात गावोगावी दिसतात आणि त्यामुळे कोणत्याही शहराची शोभा गेल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने लिहिली पाहिजे. महाराष्ट्रात २०२२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन लहानमोठ्या सर्व दुकानांवर देवनागरीत मराठी नाव सक्तीचे झाले आणि मराठी अक्षरे इतर लिपींहून लहान नसावीत असे ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मराठी शाळेत शिकलेल्या आम्हांला त्या वार्तेने समाधान वाटले होते. येथे मात्र आम्ही मुंबईतील गुजराती वा तामिळ दुकानदाराच्या जागी उभे आहोत. राज्याच्या भाषेला मोठे स्थान द्यावे, हे तेथे न्याय्य असेल तर येथेही न्याय्यच आहे. मग धाकट्या भाषेला तिच्या खाली जागा मिळावी, हेही दोन्हीकडे न्याय्य ठरते.

या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये नझारेथ इलित येथील अरबी जाहिरातींच्या खटल्यात भाषा निवडण्याचे स्वातंत्र्य हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग मानला. (त्या शहराचे नाव २०१९ पासून नोफ हगलील आहे.) अरबीला त्या काळी असलेला अधिकृत दर्जा मराठीला कधीच नव्हता, हे खरे, तरी तत्त्व विचारात घेण्याजोगे आहे.

आम्ही अर्ज लिहिला. हिब्रूला पाटीचा वरचा मोठा भाग, मराठीला खालची अरुंद पट्टी, रंग व उंची इतर दुकानांप्रमाणे. अध्यापक विद्यालयात फलकलेखनाचे धडे घेताना आम्हांला बजावले जाई, की अक्षर शेवटच्या बाकावरून वाचता आले पाहिजे. त्याच कसोटीवर आम्ही अक्षरांचा नमुना काढून दिला. हिब्रू उजवीकडून चालते व मराठी डावीकडून, म्हणून दोन्ही ओळी मध्यावर बेतल्या. व्यवस्थापनाने दोन भेटींनंतर संमती दिली, नगरपालिकेने परवाना दिला आणि शुल्क भरून पाटी रीतसर लागली.

आपल्या व्यापारी बंधुभगिनींना आमची विनंती एवढीच, की भाडेकरारावर सही करण्यापूर्वीच पाटीचे कलम वाचावे, मराठी ओळ तेव्हाच मागून घ्यावी आणि परवाना हाती येईपर्यंत पाटी करावयास देऊ नये. आणि “वाचतो कोण?” या प्रश्नाचे उत्तर नगरपालिका देणार नाही. ते आपल्या घरातूनच यावयास हवे. नातवंडांना दुकानी न्यावे, ‘नारळ’ हा शब्द बोटाने दाखवावा आणि त्यातील ‘ळ’ त्यांच्याकडून म्हणवून घ्यावा.