तीनशे, तीनशे, तीनशे

माझं काम सांगायला सोपं आहे. वेगवेगळ्या रुग्णालयांतून बाळंतिणींची माहिती येते, ती तपासून एकत्र करायची. नावं नसतात, फक्त क्रमांक. काही खटकलं की त्या केंद्राला क्वेरी पाठवायची.

एकदा एका केंद्राचा रक्तस्रावाचा रकाना बघताना थबकले. ३००, ३००, ३५०, पुन्हा ३००. शरीर इतकं शिस्तीत वागत नाही. फोन लावला.

"मॅडम, रात्री आम्ही दोघी आणि पाच डिलिव्हऱ्या. मोजणार कधी? नजरेनं कळतं," सिस्टर म्हणाल्या.

राग आला, पण त्यांचा थकलेला आवाज ऐकून ओसरलाही. तरी नजर बहुतेकदा कमीच धरते, आणि ५०० मिलिलीटरच्या पुढे बाईच्या जिवाला धोका असतो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ई-मोटिव्ह चाचणीत बाळंतिणीखाली खुणांची पिशवी लावून रक्त मोजलं, जास्त दिसताच सगळे उपचार एकदम सुरू केले. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, यांचं एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं. हे २०२३ साली प्रसिद्ध झालं.

जुने आकडे मी बदलू दिले नाहीत. आठवून लिहिलेला आकडा म्हणजे दुसरा अंदाजच. त्यांच्यापुढे 'नजरेनं' अशी नोंद केली आणि केंद्राला पिशव्या मिळतील असं पाहिलं.

पुढच्या महिन्यात रकाना विस्कटलेला आला. १८०, ४१०, ६४०. त्या ६४०पुढे औषधाची वेळ होती, शेवटी 'घरी सोडलं'.

आधीच्या तीनशेंमध्ये अशा किती जणी होत्या, ते आता कळायचं नाही.