सूत आणि मिलिमीटर

आपल्या घरांतील मुले व्यापार शिकतात, तेव्हा आपल्याला कोणी शिकवीत आहे हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. शाळेतून आल्यावर दप्तर गल्ल्यामागे ठेवून मुलगा गादीच्या कोपऱ्यात बसतो, आणि आडत, वटाव, उधारी, रोजमेळ, खतावणी हे शब्द अर्थ कळण्याच्या पुष्कळ आधी त्याच्या कानांवर पडलेले असतात. पुढे तो स्वतः वही लिहू लागतो तेव्हा मुनीमजींना त्याला फार थोडे सांगावे लागते. या शिक्षणाचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. मात्र त्यात शिकवणाऱ्याच्या कौशल्याचा वाटा किती आणि पंधरा वर्षे नकळत झालेल्या श्रवणाचा वाटा किती, हा हिशेब आपण सहसा मांडत नाही. पेठ येथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशकांचे काम जवळून पाहिल्यावर तो मांडावासा वाटला.

नाशिकहून सावळघाट ओलांडून सुमारे पन्नास किलोमीटरवर पेठ लागते. तोच रस्ता पुढे गुजरातेत धरमपूरकडे जातो. तालुका भाताचा, नागलीचा आणि वरईचा. वस्ती मुख्यतः कोकणा, महादेव कोळी, वारली या आदिवासी समाजांची. दहावीनंतर ‘आयटीआय’ला येणारी बहुतेक मुले याच घरांतली असतात. ‘रोजगार कौशल्ये’ या विषयात बँकेचे व्यवहार समजावून सांगण्यासाठी निवृत्तीनंतर मी अधूनमधून तेथे जातो. माझा तास संपला की मी कार्यशाळेत जाऊन बसतो आणि खरे पाहता मला तेथेच अधिक शिकायला मिळते.

या संस्थांचा पाया १९५० साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेत आहे. जोडारी आणि वीजतंत्री हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, संधात्याचा एक वर्षाचा. वाचक क्षणभर अडखळले असतील, तर त्यात त्यांचा दोष नाही. जोडारी म्हणजे फिटर आणि संधाता म्हणजे वेल्डर. सरकारी कागदावर मराठी नाव, कारखान्यात इंग्रजी नाव, पुस्तकात दोहोंची सरमिसळ आणि मुलाच्या घरी बोलली जाणारी भाषा या सर्वांहून निराळी. शिकवणाऱ्या शिक्षकाचे पदनाम मात्र सुंदर आहे: शिल्प निदेशक.

फिटरच्या वर्गातील पहिल्या आठवड्यांचे काम कानस चालवणे हे असते. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये घट्ट धरायचा, कानशीने पृष्ठ सपाट करायचे, त्यावर गुण्या लावून उजेडाकडे धरायचे. मधून प्रकाशाची रेघ दिसली की पुन्हा कानस. हे काम पेठच्या मुलांना चांगले जमते, असे तेथील एका अनुभवी निदेशकांनी मला सांगितले. कारणही त्यांनीच सांगितले: घरी विळ्याला धार लावताना वडिलांच्या हातात मुलांनी कानस पाहिलेली असते. पुढे ढकलताना दाब द्यायचा, मागे घेताना हलके व्हायचे, हे या मुलांच्या हातांना शिकवावे लागत नाही.

अडचण सुरू होते ती मोजमापापाशी. व्हर्नियर कॅलिपरच्या मुख्य पट्टीवरील ४९ मिलिमीटरच्या लांबीत सरकत्या पट्टीवर ५० भाग केलेले असतात. म्हणून तिचा एक भाग ०.९८ मिलिमीटरचा आणि दोहोंतला फरक ०.०२ मिलिमीटर. दशांश अपूर्णांक शाळेत कच्चा राहिलेला असेल, तर हे वाक्य दहा वेळा सांगूनही व्यर्थ जाते. निदेशकांनी एकदा माझ्यासमोर स्वतःच्या डोक्याचा एक केस उपटला आणि मायक्रोमीटरच्या जबड्यात धरून मुलांना वाचायला लावला. सुमारे ०.०७ भरला. मग ते म्हणाले, “शून्य पूर्णांक शून्य दोन म्हणजे या केसाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. एवढा फरक हे यंत्र ओळखते आणि तुम्हालाही तो ओळखायचा आहे.” त्यानंतर वर्गातला प्रत्येक मुलगा आपला केस मोजायला पुढे आला. तास संपला तरी रांग संपली नव्हती.

शब्दांचा हा अनुभव मलाही आला. मी वेल्डिंगच्या छोट्या दुकानाचा रोजमेळ फळ्यावर मांडला. रॉडचे पाकीट, विजेचे बिल, दरवाजाची मजुरी. एका बाजूला ‘जमा’, दुसऱ्या बाजूला ‘नावे’. मागच्या बाकावरच्या मुलाने अगदी प्रामाणिकपणे विचारले, “सर, कोणाची नावे?” आपल्या घरातल्या सहा वर्षांच्या मुलालाही हा प्रश्न पडणार नाही, आणि ते काही त्याच्या बुद्धीचे लक्षण नव्हे. पेठच्या निदेशकाला असा प्रश्न दिवसातून वीस वेळा येतो. त्याहून वाईट म्हणजे अनेकदा तो येतच नाही. मुलगा मान डोलावतो आणि न समजलेले पाठ करतो. अंतिम परीक्षेचा सैद्धांतिक भाग आता संगणकावर, वस्तुनिष्ठ प्रश्नांचा असतो. ज्याचा हात उत्तम चालतो, तो तेथे एका शब्दापाशी अडू शकतो.

दुसरी अडचण हजेरीची. दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याकडील पुष्कळ कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. सतरा वर्षांचा मुलगा घरात कमावता धरला जातो. परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के हजेरी लागते, हे सांगून त्याला थांबवता येते; पण त्या घरच्या मजुरीचे काय, याचे उत्तर निदेशकापाशी नसते. बुडलेले व्याख्यान मित्राच्या वहीतून उतरवून घेता येते, बुडलेली कार्यशाळा येत नाही. म्हणून ते निदेशक प्रत्येकाचा अपुरा तुकडा नावाची चिठ्ठी लावून पेटीत ठेवतात. मुलगा तीन आठवड्यांनी परतला की जेथे कानस थांबली होती तेथून काम सुरू. परिणाम असा होतो की माघ महिन्यापर्यंत एकाच छपराखाली वीस मुलांचे तीन-चार वर्ग झालेले असतात आणि शिकवणारा एकच असतो. बँकेत तीन काउंटर एकट्याने सांभाळण्याचे प्रसंग माझ्यावर आले आहेत. पण तेथे निदान ग्राहकाला आपले काम काय ते ठाऊक असे.

आपल्या परंपरेत भगवान ऋषभदेवांनी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे लोकांना शिकवली, असे सांगितले आहे. श्वेतांबर परंपरेत कुंभारकामाच्या आरंभाची कथा येते. धान्य अग्नीत टाकले की अग्नीच ते खाऊन टाकतो, अशी तक्रार घेऊन लोक आले. तेव्हा हत्तीवर आरूढ असलेल्या प्रभूंनी ओल्या मातीचा गोळा मागवला, हत्तीच्या गंडस्थळावर ठेवून हातांनी त्याला आकार दिला आणि पात्र कसे घडवायचे ते दाखवले. ज्यांनी भांडे कधी पाहिलेच नव्हते, अशांना ते शिकवायचे होते. प्रवचनात ही कथा मी अनेकदा ऐकली होती. पेठच्या कार्यशाळेत बसल्यावर तिच्यातील शिक्षकाची अडचण प्रथमच माझ्या लक्षात आली.

आता आपल्याकडचा भाग. नाशिकमधील लोखंडाचे एक व्यापारी, माझे जुने स्नेही, मला नेहमी म्हणत, “आयटीआयच्या पोरांना काही येत नाही.” त्यांनी दिलेले उदाहरण असे: नव्या मुलाला तीन सुताची सळई आणायला सांगितले, तर तो गोदामात नुसता उभा राहिला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. त्या हिशेबाने तीन सूत ९.५२५ भरतात, पण बाजारात तीन सुताची सळई म्हणून १० मिलिमीटरची देतात. चार सूत १२.७ भरतात आणि मिळते १२ची. दोन सुताची पट्टी मागा, ६ मिलिमीटरची हाती येते. म्हणजे एकदा आकडा वर जातो, एकदा खाली. आपल्या दुकानांतल्या मुलांना हे उमगते, कारण ते त्यांनी गणिताने शिकलेलेच नसते. पेठच्या मुलाला मिलिमीटरचा शतांश वाचायला शिकवलेले आहे. सूत हा शब्द त्याच्या एकाही पुस्तकात नाही. त्याला वाचता येते तितके बारीक माप त्या दुकानात कोणीही मोजत नसेल. तरीही पहिल्याच दिवशी तो अडाणी ठरला आणि त्याच्या निदेशकाची दोन वर्षे वाया गेली असे धरले गेले.

हे मी स्नेह्यांना याच शब्दांत सांगितले. ते थोडे नाराज झाले. मग त्यांनी गोदामातल्या मालाची पूर्ण यादी मागवली आणि प्रत्येक मापासमोर दुकानात त्याला काय म्हणतात ते मुनीमजींकडून लिहून घेतले. यादी सुमारे चाळीस ओळींची झाली. सोबत कापून उरलेल्या पट्ट्या आणि सळयांचे तुकडे दोन पोत्यांत भरून आले. हे तुकडे सरावाला फार उपयोगी पडतात, कारण कार्यशाळेतला मोजका माल बिघडवण्याची मुलांना भीती वाटते.

दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी ती यादी पत्र्यावर रंगवली. डावीकडे सूत, उजवीकडे मिलिमीटर, आणि प्रत्येक ओळीखाली त्या मापाचा खरा तुकडा तारेने बांधला. तुकडे बांधण्याची कल्पना मुलांचीच. आता स्नेह्यांनी तसाच एक पत्रा आपल्या दुकानासाठी मागितला आहे. मजुरी किती घ्यायची, याचे कोटेशन मुलांनी स्वतः लिहावे म्हणून निदेशकांनी ते काम माझ्या तासाला नेमले आहे. पहिला मसुदा आला, त्यात रंगाची किंमत धरायची राहून गेली आहे.